प्रलंबित शून्य

आमचे भावोजी काय करतात असं कोणी विचारलं की मी खरं तेच सांगते. ते देशात राहतात. देशात राहण्याचे त्यांना दरमहा पैसे मिळतात. तुम्ही-आम्हीही राहतोच, पण आपण ते फुकट करतो आणि वर त्याची पाटी लावत नाही. भावोजींच्या दाराबाहेर पाटी आहे, पितळी. वर त्यांचं नाव, खाली 'निवासी तक्रार अधिकारी' आणि त्याखाली अकरा परदेशी कंपन्यांची नावं. यातली एकही कंपनी नेमकं काय विकते ते त्यांना धड सांगता येणार नाही, पण पाटी मात्र रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसतात.

मी त्यांची मेहुणी. माझी टायपिंगची संस्था बंद पडली तेव्हा 'चार दिवस ये' म्हणून ताईने बोलावलं, त्याला सहा वर्षं झाली. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याबद्दल असं लिहू नये, हे ताई मला सांगेलच. सांगू दे. सहा वर्षं त्या माणसाचा सगळा पत्रव्यवहार या दहा बोटांनी केलाय. मीठ केव्हाच फिटलं.

तर हे निवासी प्रकरण सुरू कसं झालं ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी आशियातल्या सरकारांना एकामागून एक साक्षात्कार होऊ लागला, की आपल्या लोकांच्या फोनमध्ये जी दुकानं, जे खेळ, ज्या गप्पा चालतात त्यांचे मालक भलत्याच मुलखात बसलेत आणि काही बिनसलं तर धरायला कोणाची मानगूट सापडत नाही. एका देशाने कायदा केला की शेजारच्याला राहवेना. कोणी म्हणालं, आमच्या माणसांची माहिती आमच्या हद्दीबाहेर न्यायची नाही. कोणी म्हणालं, फोनवरून जे काही विकाल त्याला आधी आमचा परवाना घ्या. आमच्या आणि आणखी काही सरकारांनी ठरवलं, की प्रत्येक परदेशी कंपनीने इथे राहणारा एक जिताजागता माणूस नेमायचा. लोकांच्या तक्रारी त्याने घ्यायच्या, चोवीस तासांत पोच द्यायची, पंधरा दिवसांत निकाली काढायच्या. आणि कंपनीच्या हातून काही भयंकर घडलं तर पोलिसांनी आधी त्याला उचलायचं.

कंपन्या काही दूधखुळ्या नव्हत्या. त्यांना असा माणूस हवा होता ज्याचा पत्ता पक्का, चारित्र्य स्वच्छ आणि डोक्यात प्रश्न नाहीत. आमचे भावोजी जणू याच कामासाठी बेतून शिवले होते. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं ते आवक-जावक कारकून होते. आलेला कागद वहीत चढवायचा, गेलेला कागद वहीत चढवायचा. कागदात काय लिहिलंय ते वाचायची त्यांना कधी गरज पडली नाही आणि हौस तर मुळीच नव्हती. निवृत्त होताना त्यांनी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर संध्याकाळी एक कागद दिसला असेल तर दाखवा." कोणी दाखवला नाही, कारण तो कागद तोवर दुसऱ्याच्या टेबलावर गेलेला असे.

पहिल्या कंपनीची वकीलबाई घरी आली तो दिवस मला आठवतो. मी नुकतीच राहायला आले होते. बाईने कागद पुढे ठेवले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "जबाबदारी वैयक्तिक असेल. काही गंभीर घडलं तर अटकही होऊ शकते. नीट विचार करा."

भावोजींनी चष्मा पुसला. "पदनाम काय असेल?"

"निवासी तक्रार अधिकारी."

"अधिकारी," भावोजी हळूच म्हणाले आणि पेन मागितलं.

ताईने आतून चहा आणला तोवर सही झाली होती. अटक हा शब्द तिने ऐकला होता. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने चहा पुढे ठेवला. एकतीस वर्षं ज्याला शिपाईसुद्धा एकेरी हाक मारायचा त्याला एका कागदाने साहेब केलं. मग एकीचं बघून दुसरी अशा दोन वर्षांत अकरा कंपन्या झाल्या.

बाहेरच्या खोलीचं कार्यालय झालं. काचेचं टेबल, फिरती खुर्ची, लाकडी स्टँडमध्ये अकरा रबरी शिक्के. सोफा आतल्या खोलीत गेला, आतल्या खोलीतला पलंग भिंतीला चिकटला आणि ताईला कपाट उघडताना पलंगावर चढावं लागू लागलं. भावोजी दहा ते पाच टाय लावून बसतात. लॅपटॉपला हात लावत नाहीत. ते काम कारकुनाचं, आणि कारकून आता मी. ते डोळे मिटून मजकूर सांगतात, मी बडवते.

निवासाचं तर त्यांनी व्रतच घेतलं. त्यांची मुलगी, माझी भाची, लग्न होऊन शेजारच्या देशात गेलेली. तिला पहिलं बाळ झालं. अधिकाऱ्याने सलग सात दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहू नये असा नियम आहे. म्हणजे सहा दिवस जाऊन नातवाला मांडीवर घेऊन येता आलं असतं. हे तीन दिवससुद्धा गेले नाहीत. "निवासी म्हणजे निवासी," असं फोनवर मुलीला सांगितलं. ताई एकटी गेली. ती परत आली तेव्हा हे तिला काय विचारतात म्हणून मी कान टवकारले. त्यांनी विचारलं, "तिकडे अधिकाऱ्यांना पगार काय देतात?"

आता तक्रारींबद्दल. सुरुवातीला मला वाटायचं, यातून कोणाचं तरी भलं होत असेल. एकाला दोन्ही बूट डाव्या पायाचे आले. एका बाईच्या फोनवर तिने न मागितलेला खेळ आपोआप येऊन बसे आणि काही केल्या जाईना. ओळखी जुळवणाऱ्या अ‍ॅपवर एका गृहस्थाला कोणी मुलगी भेटली, दोन महिने गोड बोलली आणि गप्प झाली, त्यानेही तक्रार केली. भावोजींनी तिघांनाही एकच मजकूर सांगितला, "आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली असून संबंधितांस कळवण्यात येत आहे." मग मी तक्रार कंपनीकडे पाठवे. कंपनीकडून यंत्राचं उत्तर येई, की आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. मग पंधरावा दिवस उजाडला की सरकारी पोर्टलवरचं हिरवं बटण दाबायचं. 'निकाली काढायची का? हो / नाही.' मी हो दाबायची.

निकाली म्हणजे प्रश्न सुटला असं नव्हे. नियमात तसं कुठेही म्हटलेलं नाही. नियम म्हणतो, अधिकाऱ्याने निकाली अशी नोंद केली म्हणजे तक्रार निकाली झाली असं समजावं. पडद्यावर दोन आकडे दिसतात, हिरव्यात निकाली आणि लालमध्ये प्रलंबित. भावोजी पाच वाजता उठून माझ्या मागे येऊन उभे राहायचे आणि वाचायचे, "प्रलंबित शून्य." मग टाय काढायचे. पुढे सांगते ते प्रकरण येईपर्यंत मी असे चारशे बारा जण निकाली काढले. त्यातल्या एकाचं तरी पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. ही शेखी मिरवण्याची गोष्ट नव्हे, पण भावोजींना नावं ठेवायची तर ते बटण कोणाचं बोट दाबत होतं तेही सांगायला हवं.

मग एक दिवस टेलरबाई वर आल्या.

टेलरबाई आमच्याच इमारतीत खाली, जिन्याशेजारच्या खोलीत राहतात आणि तिथेच शिवतात. ज्यांच्या मापाचं दुकानात काही मिळत नाही अशा माणसांचे कपडे. पाठीला बाक असलेले, एक हात नसलेले, चाकाच्या खुर्चीत बसणारे, एक पाय आखूड असलेले. ताई जिन्यावरून पडली आणि तिचा उजवा खांदा कायमचा दोन बोटं खाली आला, तेव्हा हात वर न उचलता घालता येतील असे कपडे तिला याच बाईंनी शिवून दिले. असे कपडे बेतणं सोपं नसतं. बाई आधी माणसाला पाऊण तास नुसतं बघतात, उठायला सांगतात, बसायला सांगतात, खाली पडलेली वस्तू उचलायला सांगतात. मग नमुना आखतात.

पूर्वी त्या खाकी कागदावर आखत. नऊ वर्षांपूर्वी भावोजींच्या यादीतल्या सातव्या कंपनीचं अ‍ॅप आलं. त्यात टॅबलेटवर पेनाने आखायचं, अ‍ॅपमध्येच ठेवायचं आणि अ‍ॅपमधूनच दुसऱ्या देशातल्या टेलरांना विकायचं. त्यांनी मापं पाठवली की त्याप्रमाणे बेतूनही द्यायचं. बाहेर काढून घ्यायची सोय नव्हती, पण 'तुमचे नमुने आमच्याकडे कायम सुरक्षित' असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. बाईंची खोली केवढी, तर यंत्र आणि पलंग मांडला की पाय ठेवायला जागा नाही. त्यांनी खाकी कागदांचे गठ्ठे रद्दीत दिले. नऊ वर्षांत तीनशे चाळीस नमुने झाले.

त्या आल्या तेव्हा अंगावर सुया टोचलेला एप्रन तसाच होता. "साहेब, माझं खातं बंद केलंय. परवापासून. म्हणे मी लोकांच्या आजाराची माहिती देशाबाहेर पाठवते."

झालं होतं असं. शेजारच्या देशाने नवा नियम केला होता, की कोणाच्याही शरीराची आणि आजाराची माहिती हद्द ओलांडून जाता-येता कामा नये. आता बाईंच्या नमुन्यांवर काय लिहिलेलं असणार? 'पाठीचा बाक चार बोटं, डावी बाही कोपरापर्यंत, मांडीला पट्टा.' कंपनीच्या यंत्राने ते वाचलं आणि बाईंना गुन्हेगार ठरवून मोकळं झालं. खातं सीलबंद. तीस दिवसांनी सगळं पुसून टाकणार.

"तीस दिवस," टेलरबाई म्हणाल्या. "त्यातले दोन गेले. साहेब, ते नमुने म्हणजे माझी नऊ वर्षं आहेत हो. खातं नका उघडू एक वेळ. नुसतं पुसू नका म्हणावं."

भावोजींनी स्टँडमधून सातवा शिक्का उचलला. "बाई, घाबरू नका. आपल्याकडे पद्धत आहे." मग डोळे मिटले आणि मला मजकूर सांगितला. बाईंच्या भावनांची नोंद घेण्यात आली. पोच दिली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर घातली. बाईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. त्यांना वाटलं, आपलं काम योग्य माणसाच्या हातात आलं.

मी कंपनीला लिहिलं. यंत्राने उत्तर दिलं. मी पुन्हा लिहिलं, यंत्राने पुन्हा तेच उत्तर दिलं. मग मात्र मी एक गोष्ट केली जी त्या घरात सहा वर्षांत कोणीच केली नव्हती. मी नियम वाचले. भावोजींनी त्याची प्रत बांधून घेतली होती, वर सोनेरी अक्षरं होती आणि ती टेबलावर शोभेला असायची. दोन दुपारी गेल्या. एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं, की ज्या खात्याबद्दल तक्रार प्रलंबित आहे त्या खात्यातली कोणतीही गोष्ट कंपनीला पुसता येणार नाही. आणि पुढे असंही होतं, की पंधरा दिवसांत निकाल लागला नाही तर अधिकाऱ्याने मासिक अहवालात कारण लिहावं. त्यासाठी अहवालात वेगळा रकाना आहे. आमच्याकडे तो सहा वर्षं कोराच जात होता.

त्याच आठवड्यात बाईंना त्याच शेजारच्या देशातल्या एका टेलरचा फोन आला. तिकडच्या सरकारला त्यांच्याच शिंप्यांनी आणि चपला शिवणाऱ्यांनी भंडावून सोडलं होतं. खुलासा निघाला होता. कपड्यांची मापं म्हणजे आरोग्याची माहिती नव्हे. पण तो लागू होणार होता पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, म्हणजे खातं बंद झाल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी.

मी बोटांवर हिशेब केला. कोणाला काही करायचंच नव्हतं. तक्रार आहे तशी पडून राहू द्यायची आणि रकान्यात एक ओळ लिहायची, 'कंपनीच्या उत्तराची प्रतीक्षा.' नमुने वाचले असते. ज्या माणसाने जन्मात कधी काही केलं नाही त्याच्याकडून एवढीच अपेक्षा होती, की त्याने काही करू नये.

मी भावोजींना पान उघडून दाखवलं. त्यांनी ते वाचलं नाही, पानाचा नंबर तेवढा बघितला.

"म्हणजे प्रलंबित ठेवायची?" ते म्हणाले.

"फक्त महिनाअखेरपर्यंत."

"आकडा लाल होईल."

"एक होईल भावोजी. एक."

"तुला कळत नाही." त्यांनी टायची गाठ सारखी केली. "पुढच्या महिन्यात मंत्रालय सलग पाच वर्षं शून्य प्रलंबन ठेवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणार आहे. सगळ्या देशातून नऊ जण निघालेत. त्यात मी आहे."

"आणि बाईंचे नमुने?"

"त्यांना पोच दिली आहे ना?" असं म्हणून ते थोडे नरमले. "बरं, बघतो. अजून चार दिवस आहेत."

त्यांच्या त्या 'बघतो'वर मी विश्वास ठेवला, हा माझा गाढवपणा. मी खाली जाऊन टेलरबाईंना सांगून आले, की काळजी करू नका, तक्रार चालू आहे तोवर कोणी हात लावत नाही. बाईंनी मला बसायला स्टूल दिलं आणि किती दिवसांनी मोकळं हसल्या. म्हणाल्या, "मग चालूच राहू दे बाई. मला काही घाई नाही."

पंधराव्या दिवशी ताईची दाढ काढायची होती. मी तिच्याबरोबर गेले. पोर्टल उघडं होतं, मी ते कधीच बंद करत नसे. ज्याने सहा वर्षांत लॅपटॉपवरची धूळसुद्धा झटकली नाही त्याच्याकडून कशाला भीती बाळगायची? आम्ही चारच्या सुमारास परतलो. ताईचा गाल सुजलेला, तिला बोलता येत नव्हतं. भावोजी टाय काढून खिडकीशी उभे होते. पाच वाजायच्या आत टाय काढलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला एकदम कळलं.

पडद्यावर लाल शून्य होतं आणि हिरव्यात चारशे तेरा.

"मी स्वतः केलं," भावोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "काही अवघड नाही गं. एका बोटाने होतं."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. निकाली निघालेली तक्रार त्याच कारणासाठी पुन्हा उघडता येत नाही, असा नियम आहे. तो मात्र भावोजींना तोंडपाठ निघाला. मी कंपनीला पुढच्या तेरा दिवसांत अकरा पत्रं लिहिली. यंत्राने अकरा वेळा कळवलं, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाल्याबद्दल आम्हाला आनंद आहे. तिसाव्या दिवशी बाईंचं खातं उघडायला गेलं तर 'असे कोणतेही खाते अस्तित्वात नाही' असं आलं. त्यानंतर बाराव्या दिवशी पलीकडचा खुलासा लागू झाला आणि बाकीच्या टेलरांची खाती आपोआप उघडली. त्यांच्या देशांतल्या निवासी अधिकाऱ्यांनी काय केलं होतं ते मी शोधून काढलं. त्यांनी काहीच केलं नव्हतं, तक्रारी नुसत्या पडून राहिल्या होत्या. आळशी माणसं. देव त्यांचं भलं करो.

टेलरबाई वर आल्या. एप्रन नव्हता. हातात पोच होती.

"साहेब," त्यांनी विचारलं, "निकाली म्हणजे काय?"

भावोजींनी खुर्ची फिरवली. "म्हणजे आता तुमची काही तक्रार उरलेली नाही."

तोंडावर असं म्हणायला माणूस दुष्ट असावा लागतो असं मला वाटायचं. तसं नसतं. भावोजी अगदी समजुतीच्या सुरात बोलले. त्यांना खरोखरच वाटत होतं, की आपण बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. त्यांच्या हाताखाली वाढले असते तर मलाही तसंच वाटलं असतं, या विचाराने मला शिसारी आली.

बाई रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही म्हणाला होता, चालू आहे."

"म्हणाले होते," मी म्हटलं.

"मग आता तक्रार साहेबांची करायची असेल तर कुणाकडे करायची?"

मी ती सोनेरी अक्षरांची प्रत उचलली. चोविसावं पान. निवासी अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार निवासी अधिकाऱ्याकडेच करावी. ज्याने हे लिहिलं त्याच्या अकलेचं काय करावं ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी मी त्याचे आभार मानले. बाईंनी टेबलाशी उभं राहून आपल्या अक्षरात सहा ओळी लिहिल्या. मी त्या पोर्टलवर चढवल्या. आणि भावोजींनी, सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही, सवयीने सातवा शिक्का उचलला, पोचेवर मारला आणि त्यावर फुंकर घातली.

त्या संध्याकाळी मी पासवर्ड बदलला.

पंधरावा दिवस आला. भावोजी दहा वाजल्यापासून माझ्यामागे घुटमळत होते. "आज ती निकाली काढायची आहे."

"नाही काढणार."

"अगं, आज अहवाल जायचाय!"

"मग रकान्यात कारण लिहा. मोकळाच आहे."

त्यांनी आवाज चढवला. मग ताईला हाक मारली. तिचा गाल एव्हाना उतरला होता. ती दारात येऊन उभी राहिली, तो टेलरबाईंनी शिवलेला, पुढून बंद होणारा कुर्ता घालून. भावोजी तिला म्हणाले, "सांग तुझ्या बहिणीला."

ताई म्हणाली, "त्या तीनशे चाळिसात एक माझाही होता." आणि आत गेली. तेहेतीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचं ऐकलं नाही, असं माझ्या माहितीत हे पहिल्यांदा घडलं.

पासवर्ड विसरलो असं मंत्रालयाला कळवता येतं. पण मग अधिकाऱ्याला स्वतःची तक्रारपेटी उघडता येत नाही असं ठरतं आणि तो अपात्र होतो. मला घराबाहेर काढता येतं. पण मग टाइप कोण करणार? पाच वाजले, लाल आकडा एक झाला. प्रमाणपत्र आठ जणांना मिळालं. तो समारंभ ज्याने त्याने आपापल्या घरी बसून फोनवर बघायचा होता. भावोजींनी टाय लावून तो पूर्ण बघितला आणि दुसऱ्यांच्या नावांना टाळ्या वाजवल्या. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली.

दुसऱ्या दिवशी भावोजी तक्रार मागे घेण्याचा अर्ज घेऊन स्वतः खाली गेले. सहा वर्षांत त्या दारात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. मी जिन्यात उभी होते. टेलरबाई खाकी कागद पलंगावर पसरून त्यावर वाकल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, तीनशे चाळीस नमुने होते. ते पुन्हा आखून होऊ देत. मग सही करते."

भावोजींचा चेहरा उजळला. त्यांना मुदत मिळाली होती. मुदत असली की त्यांना जगता येतं.

बाई दारामागे खडूने आकडा लिहितात. काल मी गेले तेव्हा एकेचाळीस होता. इथली माणसं परत येतात, पाऊण तास उभी राहतात, बाई पुन्हा बघतात, पुन्हा आखतात. काल त्यांनी ताईचा खांदा घेतला. मी म्हटलं, "असे होतील की हळूहळू सगळे."

"इथले होतील." त्यांनी पेन्सिल कानाला अडकवली. "शंभरेक जण बाहेरच्या देशांतले होते बाई. त्यांना मी कधी पाहिलंच नाही. तिकडचे टेलर मापं पाठवायचे, त्यावरून मी बेतायची. कोण कसं बसतं, कोणाचा हात किती उचलतो, सगळं त्या मापांतच होतं. त्यातले निम्मे टेलर आता धंद्यात नाहीत, आणि ज्यांची मापं होती ते कुठे असतील कोण जाणे. ते काही आता परत आखता यायचे नाहीत."

हे मी भावोजींना सांगितलेलं नाही. रोज सकाळी पाटी पुसून झाली की ते माझ्या टेबलाशी येतात आणि विचारतात, "खाली किती झाले?" मी आकडा सांगते. ते खिशातून कागद काढून वजाबाकी करतात.